तारा घराचा की सरकारचा?

अमेरिकेतील एखाद्या मध्यम गावच्या रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूस क्वचित एखाद्या घराच्या दर्शनी खिडकीत एक लहानसे कापड टांगलेले दिसते. पांढरी भूमी, भोवती रुंद तांबडी किनार आणि मधोमध एक निळा तारा. याखेरीज त्यावर काही नाही. नाव नाही, ब्रीदवाक्य नाही, गरुड नाही की सिंह नाही. तरीही पाहणारास त्याचा अर्थ तत्काळ कळतो. ह्या घरचे एक माणूस लढाईच्या काळात सैन्यात आहे. तारे दोन असतील तर माणसे दोन. आणि निळ्या ताऱ्याच्या जागी सोनेरी तारा आला असेल तर ते माणूस आता परत यावयाचे नाही. ह्या कापडास तिकडे 'सर्व्हिस फ्लॅग' म्हणतात. त्याचीच लहान आवृत्ती म्हणजे कोटाच्या कॉलरवर किंवा पोलक्यावर लावावयाची पिन. सप्टेंबर महिन्याचा शेवटचा रविवार तेथे सोनेरी तारा धारण करणाऱ्या मातांचा दिवस म्हणून १९३६ पासून पाळला जातो.

दूरदेशीच्या ह्या वीतभर कापडाविषयी आम्ही अग्रलेखाची जागा का खर्च करतो, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, घरच्या माणसाने देशासाठी प्राण दिला असता मागे राहिलेल्या घराचा मान कोणाचा, घराचा की सरकारचा, हा प्रश्न त्या कापडात गुंडाळलेला आहे. आणि तो प्रश्न सातारा-कोल्हापूरच्या खेड्यांतही तितकाच जिवंत आहे. अमेरिकेने त्याचे उत्तर शंभर वर्षांत तीनचार प्रकारांनी दिले. त्यांपैकी एक उत्तर फार चांगले होते. बाकीची पाहून आपण शहाणे व्हावे.

१९१७ च्या एप्रिलात अमेरिका पहिल्या महायुद्धात पडली आणि मे महिन्यात सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. ओहायो प्रांतातील रॉबर्ट क्वीसर नावाच्या गृहस्थाचे दोन मुलगे सैन्यात होते. हा गृहस्थ स्वतः पाचव्या ओहायो पायदळ पलटणीत कप्तान राहिलेला. दोन्ही मुलगे गेल्यावर त्यांच्या आईला पाहताक्षणी मुलांची आठवण देईल आणि रस्त्याने जाणारासही काही सांगेल अशी एखादी खूण घरावर असावी, ह्या विचारातून त्याने हे निशाण आखले. क्लीव्हलंड शहराच्या मेयरने, तेथील व्यापारी मंडळाने आणि ओहायोच्या गव्हर्नराने ते उचलून धरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजात त्याची नोंद झाली, आणि नोव्हेंबरात क्वीसरला आपल्या आकृतीचे पेटंटही मिळाले. पेटंट! आम्ही वकिलीच्या धंद्यात पुष्कळ पेटंटे पाहिली, परंतु बापाच्या काळजीचे पेटंट निघालेले हे एकच उदाहरण आमच्या माहितीत आहे. असो. सांगावयाचे ते हे की, ह्या निशाणाच्या जन्मात सरकारचा हात नव्हता. कोणत्याही खात्याने परिपत्रक काढले नव्हते. एका बापाने आखले, शेजाऱ्यांनी उचलले, आणि थोड्याच महिन्यांत ते देशभर पसरले. घरांवरून ते पेढ्यांवर, कारखान्यांवर, कॉलेजांवर आणि प्रार्थनामंदिरांवर गेले. मोठ्या संस्थांना इतके तारे शिवणे जड जाऊ लागले तेव्हा एकच तारा काढून त्याखाली आकडा लिहिण्याचा प्रघात पडला. आमच्या व्यापारी वाचकांना येथे हसू येईल, कारण दुकानावर मोठा आकडा टांगला म्हणजे गिऱ्हाइकाचे मन वळते हे ओळखण्यास अमेरिकन दुकानदारास वेळ लागला असेल असे वाटत नाही. पण नोकराच्या ताऱ्यावर मालकाने मिरवावे ह्यात लबाडीचा थोडा अंश असला, तरी त्या माणसाची जागा पेढीवर रिकामी आहे एवढे तरी त्यातून जाहीर होत होते.

आता सोनेरी ताऱ्याकडे वळू. आमच्या दृष्टीने ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. १९१८ साली मृतांच्या याद्या येऊ लागल्या. युरोपातील चालीप्रमाणे अमेरिकेतही मृताच्या आईने, विधवेने नखशिखान्त काळे वस्त्र परिधान करावे असा संकेत होता. त्या वेळी राष्ट्रीय संरक्षण मंडळाची एक महिला समिती होती, आणि तिच्या अध्यक्षा होत्या डॉ. अ‍ॅना हॉवर्ड शॉ. ह्या बाई साध्यासुध्या नव्हेत. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चाललेल्या लढ्याच्या त्या अनेक वर्षे पुढारी होत्या. ह्या समितीने सुचविले की, युद्धात माणूस गमावलेल्या स्त्रीने अंगभर काळे घालण्याऐवजी दंडावर एक काळी पट्टी बांधावी व तिच्यावर सोनेरी तारा लावावा. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी ह्या सूचनेस मान्यता दिली. शोक लपवावयाचा नाही, पण शोकाने स्त्रीला समाजाबाहेरही काढावयाचे नाही. तिला पाहून लोकांनी बाजूला व्हावयाचे ते अपशकुन म्हणून नव्हे, आदराने. ह्यात सरकारचाही मतलब होताच. रस्तोरस्ती काळी वस्त्रे दिसू लागली तर लोकांचा धीर खचेल ही भीती राज्यकर्त्यांस होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण मतलबातूनही सुधारणा होते, आणि झाली तर ती घ्यावी. ज्या समाजात नवरा मेला की प्रथम बायकोच्या कपाळाकडे हात जातो, त्या समाजातील वाचकांस ह्या पट्टीचे महत्त्व आम्ही अधिक फोड करून सांगावयास पाहिजे असे नाही.

दहा वर्षांनी, १९२८ च्या जून महिन्यात, वॉशिंग्टन येथे ग्रेस डार्लिंग सीबोल्ड ह्या बाईने अशा मातांची संस्था स्थापिली. तिचा मुलगा ब्रिटिश विमानदलातून लढताना १९१८ साली फ्रान्सात पडला होता. मुलाचा ठावठिकाणा कळेना त्या काळात ही आई इस्पितळांतील जखमी शिपायांची शुश्रूषा करीत असे. तेथेच तिला आपल्यासारख्या दुसऱ्या माता भेटल्या. येथवर सारे घरातून उगवले होते आणि घराच्याच हाती होते.

सरकारने हात घातला १९२९ साली. युरोपातील अमेरिकन दफनभूमींत ज्यांची माणसे पुरली होती, त्या मातांस व विधवांस सरकारी खर्चाने तेथवर नेऊन आणावे असा कायदा त्या वर्षी झाला आणि १९३० ते १९३३ ह्या चार वर्षांत साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांनी ती यात्रा केली. कल्पना उदार, खर्चही सढळ. परंतु कायदा हातात घेऊन कलमे वाचावी तो दोन गोष्टी डोळ्यांत खुपतात. पहिली ही की, विधवा म्हणजे जिने पुनर्विवाह केला नाही अशीच विधवा. दुसरे लग्न केले, की पहिल्या नवऱ्याच्या थडग्यावर फूल वाहण्याचा तिचा सरकारी हक्क संपला! तिच्या नवऱ्याचे मरण तेच, थडगे तेच, क्रूस तोच. फक्त तिने पुन्हा संसार मांडला हा अपराध. दुसरी गोष्ट कलमांत नव्हती, अंमलबजावणीत होती, आणि ती ह्याहून वाईट. काळ्या वर्णाच्या मातांस गोऱ्या मातांबरोबर नेण्यास लष्करी खात्याने नकार दिला. त्यांचे तांडे वेगळे, उतरण्याची ठिकाणे वेगळी, आणि गोऱ्या माता ज्या डौलदार प्रवासी बोटींतून गेल्या त्यांऐवजी ह्यांच्यासाठी हलक्या दर्जाच्या बोटी. निग्रो लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्याकडे दाद मागितली. खाते हलले नाही. तेव्हा अनेक मातांनी जाणेच नाकारले. मुलाचे थडगे पाहण्याची आयुष्यातील ती एकच संधी होती, हे त्यांस ठाऊक असताना नाकारले. ज्या बायकांनी अपमान गिळून यात्रा केली त्यांस आम्ही दोष देत नाही. आईला कोण दोष देईल? पण ज्या गेल्या नाहीत त्यांनी आपला तारा अधिक उजळ ठेवला असे आमचे मत आहे.

हा दोष केवळ सरकारचा असेही नव्हे. मातांच्या संस्थेनेच २००५ साली एका फिलिपिनी मातेचा अर्ज परत केला. तिचा मुलगा आदल्या वर्षी अमेरिकन शिपाई म्हणून अफगाणिस्तानात मारला गेला होता. परंतु आई स्वतः अमेरिकन नागरिक नव्हती आणि संस्थेच्या घटनेत नागरिकत्वाची अट होती. देशभर ओरड झाली तेव्हा त्याच वर्षी अट काढली गेली. नियम लिहिणारांच्या मनात वाईट काही नसते. त्यांस फक्त समोर उभी राहणारी बाई दिसत नसते.

दुसऱ्या महायुद्धात निशाण पुन्हा खिडक्याखिडक्यांतून आले. १९४२ च्या ऑक्टोबरात काँग्रेसने कायदा करून त्याची आकृती ठरविण्याचा अधिकार युद्धमंत्र्यास दिला. आज तेथील कायद्यात निशाण बनविणारास परवाना लागतो आणि विनापरवाना बनविणारास एक हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे क्वीसरचे पेटंट गेले आणि सरकारचा मक्ता आला. सुमारे साडेतेरा कोटींच्या त्या देशातून त्या युद्धात एक कोटी साठ लाख माणसे गणवेशात गेली आणि चार लाखांहून अधिक मेली. आयोवा प्रांतातील वॉटर्लू गावच्या सलिव्हन कुटुंबाचे पाच मुलगे एकाच युद्धनौकेवर होते. १९४२ च्या नोव्हेंबरात ग्वाडलकनालजवळ ती नौका बुडाली आणि पाचही गेले. पुढे सरकारने ह्या मातापित्यांस कारखान्याकारखान्यांतून फिरविले, मजुरांपुढे उभे केले, युद्धसामग्री जोमाने तयार करा असे त्यांच्या तोंडून वदविले. पाच भावांचे नाव दिलेली नवी युद्धनौका १९४३ साली आईच्या हस्ते पाण्यात सोडली. हे सारे त्या दोघांनी राजीखुषीने केले असेल; कामात गुंतलेल्या माणसाचे दुःख थोडे हलके होते हेही खरे. परंतु दुःख घरातून उचलून व्यासपीठावर ठेवले, की ते कोणाचे राहते?

युद्ध संपल्यावर १९४७ च्या ऑगस्टात सोनेरी ताऱ्याची पिन कायद्याने अस्तित्वात आली. जांभळ्या वर्तुळावर सोनेरी तारा आणि भोवती पानांची वेल. ती सरकार देते, आणि लढाईत पडलेल्याच्या विधवेस, मातापित्यांस व जवळच्या नातलगांस देते. तेथवर ठीक. परंतु लढाईत न पडता सैन्यात असतानाच आजाराने, कवायतीतील अपघाताने किंवा आत्महत्येने मेलेल्याचे काय? त्यांच्या नातलगांसाठी १९७३ मध्ये दुसरी पिन काढण्यात आली. तीतही सोनेरी तारा आहे, पण जांभळी भूमी नाही. जाणकार दुरून ओळखतो, की हिचा मुलगा रणात पडला आणि तिचा मुलगा 'नुसताच' मेला. आता खिडकीतल्या निशाणाचा नियम पाहा. तेथे सोनेरी तारा एकच. माणूस गोळीने गेला की तापाने गेला हे ते कापड विचारीत नाही. मरण लाजिरवाणे नसले म्हणजे पुरे. बापाने आखलेल्या निशाणात जी समता होती ती खात्याने आखलेल्या पिनेत राहिली नाही. शौर्याची पदके वेगळी द्यावी, प्रतवारीने द्यावी, त्याबद्दल आमचा वाद नाही. शौर्याची प्रत असते. आईच्या दुःखाची प्रत कोणत्या तराजूने ठरविणार?

तथापि सरकारचा शिक्का पडलेली ही पिन नेहमी सरकारचीच भाषा बोलते असे मात्र नाही, आणि ह्या विषयातील आम्हांस आवडणारा भाग तोच. इराकच्या युद्धात २००४ साली मुलगा गमावलेली सिंडी शीहान ही आई पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या टेक्सासमधील शेतवाडीबाहेर रस्त्याच्या कडेला तळ ठोकून बसली. मागणी एकच: माझा मुलगा ज्या थोर कार्यासाठी मेला म्हणता, ते कार्य कोणते ते मला समक्ष सांगा. २०१६ मध्ये त्याच युद्धात मुलगा गमावलेले खिज्र खान हे पाकिस्तानी वंशाचे अमेरिकन वकील पत्नीसह डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उभे राहिले आणि खिशातील राज्यघटनेची प्रत वर धरून विरुद्ध पक्षाचे उमेदवार ट्रम्प यांस त्यांनी विचारले, ही तुम्ही वाचली आहे काय? उत्तरादाखल ट्रम्प यांनी, शेजारी उभी असलेली आई काही बोलली का नाही, तिला बोलण्याची मोकळीक नसावी, असा टोमणा मारला. आईने लिहून कळविले की मुलाच्या आठवणीने आपल्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कोणत्या पक्षाचे राजकारण बरोबर हे ठरविण्याचे येथे कारण नाही. शीहानबाईंच्या मतांशी सहमत नसलेल्या सोनेरी ताऱ्याच्या माता अमेरिकेत पुष्कळ होत्या, आणि त्यांचा ताराही तितकाच खरा. आमचा मुद्दा एवढाच की, ज्याने किंमत दिली त्यास हिशेब विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्या अधिकाराची सनद म्हणून ही पिन उपयोगी पडली. सरकारने दिली म्हणून सरकारचे गुणगान करण्याची अट तीत नाही.

अशी अट जेथे असते तेथे काय होते ह्याचा दाखला जर्मनीत आहे. १९३४ च्या जुलैत तेथे पहिल्या महायुद्धाच्या स्मरणार्थ एक क्रूसपदक काढण्यात आले. त्याचाच एक काळा प्रकार विधवांसाठी व मातापित्यांसाठी होता. त्याच वर्षी साऱ्या राज्याची सूत्रे हिटलरच्या हाती गेली. काळा क्रूस पोलक्यावर लावून त्या बायकांनी कोणास प्रश्न विचारावयाचा? पाच वर्षांत त्यांच्या उरलेल्या मुलांसाठी दुसरे युद्ध तयार होते. कुटुंबाच्या खुणेने युद्धाची हौस वाढते असा आक्षेप शांततावादी मंडळी घेतात, त्यात ह्या कारणाने तथ्य आहे. पण दोष खुणेचा नाही. खूण लावणाऱ्याचे तोंड मोकळे आहे की बांधलेले, हे पाहावे लागते.

तोंड बांधलेल्या घरांचा विषय निघाला म्हणजे आमच्याच प्रांताची आठवण होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. इराकातील कूत येथे १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेर वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. ह्या शिपायांच्या घरांवर तारा लागला नाही. युद्धानंतर ब्रिटिश सरकारने साऱ्या साम्राज्यातील मृतांच्या नातलगांस काशाची एक वाटोळी थाळी पाठविली. अशा तेरा लाखांहून अधिक थाळ्या ओतल्या गेल्या. त्यावर ब्रिटानिया देवी, तिचा सिंह, मृताचे नाव, आणि भोवती इंग्रजीत अक्षरे, की हा स्वातंत्र्यासाठी व इभ्रतीसाठी मेला. विलायतेतील गोरगरीब लोक तिला थट्टेने 'मेलेल्याची पेनी' म्हणत. तिच्यात एक गुण होता, तो प्रांजलपणे सांगितला पाहिजे: नावापुढे हुद्दा घातलेला नव्हता, जनरल आणि शिपाई एकाच ओळीत. परंतु ज्या मराठा शिपायाच्या घरी ही थाळी आली असेल, तेथे ती अक्षरे कोणास वाचता आली असतील? आणि कोणाचे स्वातंत्र्य? थाळ्या घरोघर जाऊ लागल्या ते साल १९१९. त्याच सालच्या मार्चात रौलट कायदा झाला आणि एप्रिलात जालियनवाला बाग. मुलाच्या नावाभोवती स्वातंत्र्य हा शब्द ओतून पाठविणारे हात आणि तो शब्द उच्चारणारास तुरुंगात टाकणारे हात एकाच सरकारचे होते.

गावांसाठी दगडी पाट्या झाल्या. आजही आपल्याकडे कित्येक खेड्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत त्या सापडतात: ह्या गावातून अमुक इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावे नाहीत.

स्वराज्यानंतर आपण काय केले? १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन ठरला. तांबडा, गडद निळा व फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचे कागदी निशाण आपण छातीला लावतो, डब्यात नाणे टाकतो, आणि तो निधी माजी सैनिक व त्यांची कुटुंबे यांच्या कल्याणासाठी जातो. ही चाल उत्तम आहे आणि आमच्या व्यापारी वाचकांनी डबा पुढे आला असता हात आखडू नये. पण फरक ध्यानात घ्यावा. अमेरिकन निशाण ज्याचे माणूस गेले त्याच्या खिडकीत असते. आपले निशाण ज्याचे कोणी गेले नाही त्याच्या छातीवर असते. एक सांगते 'आमच्या घरचा गेला', दुसरे सांगते 'मी देणगी दिली'. दोहोंची गरज आहे. पण पहिल्याची जागा दुसऱ्याने भरत नाही. अमेरिकेतही १९७३ साली सक्तीची भरती बंद झाल्यापासून शंभरांत एकही माणूस खड्या सैन्यात नाही. त्यामुळे २००१ नंतरच्या युद्धांत निशाणे पुन्हा दिसू लागली तरी ती विरळ घरांवर. आपल्याकडेही भरती ऐच्छिक, आणि तिचा भार काही ठराविक तालुक्यांवर. ज्या शहरी रस्त्यावर एकही शिपाई राहत नाही तेथे युद्धाच्या गप्पा किती स्वस्त असतात, हे आम्ही आमच्याच गावच्या पानसुपारीच्या बैठकांत ऐकले आहे.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. आपण शहिदाच्या पत्नीस 'वीरपत्नी' म्हणतो. शब्द फार सुंदर. अमेरिकेच्या साऱ्या ताऱ्यांहून आम्हांस तो प्रिय आहे. व्यासपीठावर तिला शाल-श्रीफळ मिळते, पुढाऱ्यांच्या रांगेत खुर्ची मिळते. आणि घरी? १९२९ च्या अमेरिकन कायद्यातील पुनर्विवाहाच्या कलमास आम्ही वर नावे ठेवली. आता आपले पाहा. शौर्यपदक मिळविलेल्या सैनिकाचा मासिक भत्ता त्याच्यामागे त्याच्या विधवेस मिळे, तो तिने पुनर्विवाह करीपर्यंत. १९९५ साली ही अट सैल झाली, पण कशी? तिने दिवंगत पतीच्या भावाशीच लग्न केले तर भत्ता चालू राहील! म्हणजे पराक्रमाचा मोबदला घरातल्या घरात राहावा. सून बाहेर गेली तर मानही गेला. कायद्याच्या भाषेत ह्यास काहीही नाव द्या, व्यवहारात ती विधवेला दिराच्या दावणीला बांधण्याची युक्ती होती, आणि ती ब्रिटिशांनी नव्हे, आपण लिहिली होती. २०१७ च्या नोव्हेंबरात संरक्षण मंत्रालयाने ही अट काढून टाकली. बावीस वर्षे लागली. ह्या बावीस वर्षांत कोणकोणत्या घरांत भत्त्याचा हिशेब मांडून कोणाचे लग्न ठरले किंवा मोडले, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

सरकारी अट गेली. सामाजिक अट राहिली आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने २०२२ च्या ४ मे रोजी ठराव केला, की पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे हे प्रकार गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे सुचविले. अ‍ॅना शॉ यांच्या समितीने काळ्या वस्त्राऐवजी तारा सुचविला त्यास शंभरावर चार वर्षे होऊन गेल्यावर एका मराठी खेड्याने तोच विचार आपल्या बुद्धीने, आपल्या बोलीत केला. कोणाकडून उसना घेतला नाही. आम्हांस त्याचा अभिमान वाटतो. परंतु वकील म्हणून सांगणे भाग आहे की, ठराव म्हणजे कायदा नव्हे आणि परिपत्रक म्हणजे तर नुसती सूचना. ते मोडणारास शिक्षा नाही. ज्या गावात तो झाला नाही, तेथे आजही शहिदाचे शव तिरंग्यात लपेटून येते, बंदुकांची सलामी होते, मंत्र्यांची भाषणे होतात, आणि पाहुणे पांगल्यावर आतल्या खोलीत म्हाताऱ्या बायका त्या मुलीच्या बांगड्यांना हात घालतात. अंगणातला मान आणि माजघरातला मान असे दोन मान असतात काय?

अमेरिकेसारखे निशाण आपण आणावे असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याचे कापड आपल्या खिडकीस मापाने बसत नाही, आणि सरकारने नवे चिन्ह काढले तर त्याबरोबर नवा अर्ज, नवा दाखला आणि नवी अट येईल, ही भीती आम्हांस अनुभवाने वाटते. चिन्ह घराने ठरवावे. कोणी ओट्यावर दिवा लावील, कोणी दारावर नाव कोरील, कोणास काहीच नको असेल, तर त्याचीही मोकळीक असावी. गावाने करावयाचे ते इतकेच: भिंतीतल्या त्या जुन्या दगडांवर नुसते आकडे आहेत, त्यांची नावे गावच्या म्हाताऱ्या माणसांच्या घराण्यांत अजून कोणास तरी ठाऊक असतील, ती विचारून घेऊन दगडाखाली लिहावीत. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण वीरपत्नीच्या दारी पहिले जावे. हे काम परिपत्रकाचे नव्हे, आळीतल्या बायकांचे आहे. आणि त्यांस आडकाठी बहुधा आमच्यासारख्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या पुरुषांच्याच घरांतून होते, म्हणून हे येथे लिहिले.